चार महिन्यांत उठलेले फोड : १९४४ च्या एका जीपच्या रंगकामाचं प्रकरण

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा मढहून फोन आला. "जीपच्या अंगावर पुरळ उठलंय रे. तू एकदा येऊन बघ."

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ती जीप रंगवून त्यांच्या अंगणात उभी केली होती. मध्ये एकच पावसाळा गेला होता, आणि तोही जीपने शेडमध्ये काढला होता. मी गेलो तेव्हा मामा काही बोलले नाहीत, नुसतं बॉनेटकडे बोट दाखवलं. सकाळचं तिरपं ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात मॅट हिरव्या रंगावर शेकडो बारीक फोड स्पष्ट दिसत होते. काही टाचणीच्या डोक्याएवढे होते, काही तुरीच्या डाळीएवढे.

या जीपचा रंग आम्ही मुळापासून काढला आणि पुन्हा चढवला. पहिल्या वेळी काय चुकलं, ते कसं सापडलं आणि दुसऱ्यांदा काय बदललं, ते इथे लिहितो आहे. मुंबईत, समुद्राच्या इतक्या जवळ, जुनी लष्करी गाडी जपू पाहणाऱ्यांना याचा थेट उपयोग होईल.

गाडीबद्दल थोडं. ही विलिज एमबी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्करी जीप, पश्चिम बंगालमधल्या पानागढच्या लष्करी भंगाराच्या बाजारातून फिरत फिरत मामांपर्यंत आलेली. पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे चॅसीचा आडवा दांडा, गोल पाइपचा, म्हणजे चॅसी विलिजचीच. फोर्डने बनवलेल्या जीपीडब्ल्यूला त्या जागी उलट्या पन्हाळीसारखा तुकडा असतो. तरी बऱ्याच बोल्टांच्या डोक्यांवर फोर्डचं 'एफ' अक्षर होतं. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये दोन्ही गाड्यांचे भाग सर्रास एकमेकांना लागत, त्यामुळे यात वावगं काही नाही. जीपचं आणि मुंबईचं नातंही जुनं आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने विलिजच्या जीपांची जुळणी इथेच माझगावला सुरू केली. मामांचे वडील सैन्यात चालक होते. त्यामुळे ही गाडी मामांसाठी निव्वळ हौस नव्हती, आणि माझी चूक मला जास्त लागली त्याचं कारणही तेच.

पहिल्या वेळी काय केलं

मेच्या शेवटी बॉडी चॅसीवरून उतरवली आणि खाडीकाठच्या एका यार्डात वाळूने ब्लास्टिंग करून घेतलं, म्हणजे दाबाच्या हवेने वाळू मारून गंज आणि जुना रंग उडवला. संध्याकाळी टेम्पो मिळाला नाही, म्हणून बॉडी रात्रभर तिथेच उघड्यावर राहिली. सकाळी पाहिलं तर करड्या पत्र्यावर हळदीचा हात फिरल्यासारखी पिवळी झाक आली होती. ती आम्ही फॉस्फोरिक आम्लाच्या रस्ट रिमूव्हरने पुसली, कुर्ल्याला गॅरेजवर आणून पाण्याने धुतली आणि फडक्याने कोरडी केली. मग रेड ऑक्साईडच्या अस्तराचे दोन हात मारले. खड्ड्यांत पॉलिएस्टर पुट्टी भरली, ओल्या पेपरने घासकाम केलं, सर्फेसर, म्हणजे पृष्ठ एकसारखं करणारा मधला थर, लावला आणि शेवटी मॅट ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे लष्करी मातकट हिरवा. पावसाच्या आत गाडी घरी पोचवायची होती, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर घाई झाली. पेंटरने सफाईदार काम केलं होतं आणि दिसायला गाडी देखणी होती. यार्डाचं नाव घेत नाही, कारण त्यांनी सांगितलेलं काम केलं. काय सांगायचं हे ठरवणारा मी होतो.

फोड वाचताना

रंग फसला की बहुतेक जण पहिल्यांदा रंगाच्या डब्याला दोष देतात. माझ्याही मनात तेच आलं होतं. मला थांबवलं ते गोदीत अनेक वर्षं जहाजांच्या रंगकामाची तपासणी केलेल्या, आता निवृत्त झालेल्या एका शेजारच्या काकांनी. त्यांना मी मढला घेऊन गेलो. रंग कुठला वापरला, हे त्यांनी विचारलंच नाही. "फोड कुठे आहेत आणि कुठे नाहीत, ते आधी खडूने आखून घे," म्हणाले.

खडू फिरवल्यावर तीन वेगळे रोग दिसले.

पहिला बॉनेटवर आणि बाजूच्या सपाट पत्र्यांवर. इथे फोड दाट होते, पण रंग कुठेही फाटला नव्हता. काकांनी टाचणीने एक फोड फोडला आणि आतून स्वच्छ पाण्याचा थेंब आला. पापुद्रा उचलला तर खाली लाल गंज नव्हता, ओला काळपट पत्रा होता. म्हणजे पाणी भेगेतून आत गेलं नव्हतं, अख्ख्या रंगातून झिरपून गेलं होतं. रंगाचा कुठलाही थर पाण्याला पूर्ण अडवत नाही, वाफेच्या रूपात थोडं पाणी आत जातंच. खाली पत्रा स्वच्छ असेल तर ते पाणी आलं तसं निघूनही जातं. खाली मीठ असेल तर ते पाण्याला धरून ठेवतं, आणखी पाणी ओढतं आणि त्या दाबाने रंग उचलला जातो. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, तोच हा प्रकार.

दुसरा रोग कडांवर होता. बॉडीच्या काठावर, बोल्टच्या भोकांभोवती आणि दाराच्या कापावर लाल रेघ उमटली होती. तिसरा तळाशी होता. फरशीच्या पत्र्याच्या सांध्यांतून तपकिरी पाणी ओघळल्याच्या खुणा होत्या आणि दोन ठिकाणी पत्रा आतून पोखरून बाहेरपर्यंत आला होता.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र जिथे काहीच झालं नव्हतं तिथे सापडली. विंडस्क्रीनची फ्रेम अगदी निरोगी होती. एकही फोड नाही, एकही रेघ नाही. तोच पेंटर, तोच रेड ऑक्साईड, तोच वरचा रंग, तेच अंगण. मग फरक काय? मी वही काढून पाहिली. फ्रेमला वेल्डिंग होतं, म्हणून ती बॉडीबरोबर यार्डात गेलीच नव्हती. ती कुर्ल्यालाच वेगळी ब्लास्ट झाली, वेल्डरच्या दुकानासमोरच्या महापालिकेच्या नळावर धुतली गेली, उन्हात वाळली आणि त्याच दुपारी तिला अस्तर लागलं. रात्र तिने उघड्या पत्र्याने काढली नाही. आणि पाणी वेगळं होतं.

पाण्याचा संशय आला तो इथे. गॅरेजमध्ये धुण्याला आणि ओल्या घासकामाला मागच्या बोअरवेलचं पाणी वापरतात. घरच्या पाण्याच्या फिल्टरसाठी घेतलेला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर त्या पिंपात बुडवला तर आकडा हजाराच्या पुष्कळ वर गेला. नळाचं पाणी, म्हणजे तानसा-भातसाचं, शंभराच्या आत राहिलं. त्या खाऱ्या पाण्याने आम्ही बॉडी धुतली होती, आणि उघड्या पडलेल्या पत्र्यावर व पुट्टीवर ओला पेपरही त्याच पाण्याने चालवला होता. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते. तिच्यात गेलेलं मीठ वरून पुसून निघत नाही.

मग काकांनी गोदीतली मिठाची चाचणी घरगुती पद्धतीने करून दाखवली. जहाजांवर यासाठी पत्र्याला चिकटणारी एक छोटी रबरी चकती असते. सुईने तिच्या पोकळीत शुद्ध पाणी सोडतात, घोळवतात, परत ओढून घेतात आणि त्याची विद्युतवाहकता मोजतात. आमच्याकडे चकती नव्हती. आम्ही फोडांच्या पट्ट्यातला रंग काढला, दहा सेंटिमीटरचा चौकोन आखला, मोजक्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो पुसला आणि कापूस त्याच पाण्यात पिळून मीटर लावला. विंडस्क्रीनच्या फ्रेमवरही तसंच केलं. ही ढोबळ रीत आहे, प्रयोगशाळेची नाही. पण दोन ठिकाणच्या आकड्यांत इतकं अंतर होतं की आणखी पुराव्याची गरज उरली नाही.

किती मीठ चालतं, असं मी काकांना विचारलं. जहाजाच्या बॅलास्ट टाक्यांच्या, म्हणजे तोल राखायला समुद्राचं पाणी भरायच्या टाक्यांच्या, रंगकामाला आंतरराष्ट्रीय नियम आहे : अस्तराआधी पत्र्यावर दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. जीपची बॉडी आतून-बाहेरून मिळून वीस चौरस मीटर धरली तर सगळ्या गाडीवर मिळून एक ग्रॅम होतं. चिमूटभर. खाडीच्या वाऱ्यात एक रात्र आणि बोअरवेलची एक धुलाई, इतक्यात ती मर्यादा कुठल्या कुठे मागे पडते.

पहाटेच्या त्या पिवळ्या झाकेचा अर्थही तेव्हा कळला. ब्लास्ट केलेला पत्रा रात्रीत बदलतो तेव्हा तो स्वतःच सांगत असतो की माझ्या खड्ड्यांत अजून मीठ आहे. कोरडं ब्लास्टिंग गंज उडवतं, पण जुन्या गंजाने पाडलेल्या सुईएवढ्या खड्ड्यांच्या तळातले क्षार तसेच राहतात. ती खूण आम्ही आम्लाने पुसून टाकली. वर ते आम्ल स्पॉट वेल्डिंगच्या दुपदरी सांध्यांत शिरलं आणि तिथून ते धुऊन निघालंच नाही. बाजूच्या पत्र्यावर सांध्याला धरून फोडांची एक सरळ ओळ होती, ती या आम्लाची. सुट्या भागांवर, भरपूर धुता येत असेल तर, रस्ट रिमूव्हर वापरावा. दुपदरी सांध्यांच्या बॉडीवर मी तो आता वापरत नाही.

लाकूड, टाकी आणि मॅट रंग

तळाच्या रोगाचं कारण मात्र १९४४ सालापासून गाडीतच होतं. एमबीच्या फरशीखाली आधाराला टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या पोकळीत लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या असतात. लाकूड पाणी पितं आणि पत्र्याला चिकटून महिनोन्‌महिने ओलं राहतं. बाहेरून कितीही रंग द्या, पत्रा आतून जातो. दुसरी जागा चालकाच्या सीटखालची. पेट्रोलची टाकी फरशीतल्या एका खोलगट खणात बसते. खणाला निचऱ्याचं भोक असतं, पण ते चिखलाने, पानांनी किंवा नवख्या पेंटरच्या सीलरने बुजतं. आमच्या गाडीत ते सर्फेसरने बुजलं होतं.

या गाड्या युद्धापुरत्या बनल्या. लढाईत दोन-तीन वर्षं टिकली तरी गाडीने आपलं काम केलं, असा तो हिशोब. ती ऐंशी वर्षांनी मढच्या खाऱ्या हवेत उभी राहील, याचा विचार कुणी करण्याचं कारणच नव्हतं. म्हणून 'मूळ होतं तसंच' हा आग्रह गंजाच्या बाबतीत तपासून घ्यावा लागतो.

तीच गोष्ट रंगाची. लष्करी ऑलिव्ह ड्रॅब बिनचमकेचा असतो, उन्हात चकाकून विमानातून दिसू नये म्हणून. पण रंग मॅट होतो तो त्यात रंगद्रव्य आणि भुकटी जास्त, बांधून ठेवणारी राळ कमी असल्यामुळे. असा थर चकचकीत रंगापेक्षा जास्त सच्छिद्र असतो आणि त्याच्या खरबरीत पृष्ठावर दव व मीठ जास्त वेळ टिकतं. म्हणजे चकचकीत गाडीत वरचा रंग जे थोडंफार संरक्षण देतो, ते इथे मिळत नाही. सगळा भार अस्तरावर येतो.

आणि आमचं अस्तर होतं रेड ऑक्साईड. आपल्याकडे ग्रिलपासून टाकीपर्यंत सगळ्याला तेच लावतात आणि त्याच्या लाल रंगामुळे ते गंजविरोधी वाटतं. तो लाल रंग म्हणजे लोखंडाचाच ऑक्साईड. तो गंजाला आडोसा देतो, रोखत नाही. जुन्या काळी खरं काम करायचा तो शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साईड. गोदीत जहाजांच्या पत्र्याला शेंदराचं अस्तर असे. तो विषारी आहे आणि आज त्याच्याकडे वळण्याचं काही कारण नाही. त्याची जागा झिंक फॉस्फेट घातलेल्या दोन डब्यांच्या इपॉक्सी अस्तराने घेतली आहे.

दुसरी वेळ

नोव्हेंबरमध्ये जीप पुन्हा कुर्ल्याला आली. मामांना मी सांगितलं, जानेवारीशिवाय रंग लावणार नाही. ते म्हणाले, "आता घाई माझ्याकडून नाही होणार."

लाकडावरून मात्र आमचं वाजलं. त्यांना मूळचं लाकूड परत हवं होतं. मी तयार नव्हतो. पट्ट्या उघडल्यावर आतलं लाकूड बोटाने कुस्करत होतं आणि भोवतीचा पत्रा कागद झाला होता. नवीन पट्ट्या वळवून वेल्ड केल्या, वेल्डिंगआधी आतून झिंकचं वेल्ड-थ्रू अस्तर, म्हणजे ज्याच्यावरून वेल्डिंग करता येतं ते, लावलं, पोकळ्या रिकाम्या ठेवल्या आणि प्रत्येकीच्या सर्वांत खालच्या टोकाला निचऱ्याचं भोक ठेवलं. लाकडाचे धड उरलेले दोन तुकडे चिठ्ठी लावून मामांना दिले. गाडीचा इतिहास त्यांच्या कपाटात सुरक्षित आहे. गाडीखाली तो पुन्हा पाणी प्यायला लागला असता.

ब्लास्टिंग या वेळी गार्नेट या खनिजाच्या कणांनी केलं. नदीच्या वाळूने ब्लास्टिंग करू नये, त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पहिल्या वेळी मी हे विचारलंसुद्धा नव्हतं, याची मला आजही लाज वाटते. सपाट पत्र्यांवर दाब कमी ठेवला आणि नोझल तिरका धरला, नाहीतर पातळ पत्रा ठोकल्यासारखा ताणला जाऊन लाटा येतात. सफाईचा दर्जा एसए अडीच ठरवला, म्हणजे गंज आणि जुना रंग पूर्ण गेलेला, फार तर फिकट डागांची सावली उरलेली.

मग पहिल्या वेळी जे अजिबात केलं नव्हतं ते केलं. ब्लास्ट झालेली बॉडी नळाच्या पाण्याने, दाबाच्या पंपाने, सांधा न् सांधा धुतली आणि गरम हवेने वाळवली. थोडी झाक आली. येणारच होती. प्रिन्सेस स्ट्रीटवरून पोटॅशियम फेरिसायनाइड आणलं, त्याच्या पातळ द्रावणात फिल्टर पेपर बुडवून वाळवले. पत्र्यावर डिस्टिल्ड पाण्याचा हलका फवारा मारायचा, पाणी जरा ओसरलं की कागद दाबून धरायचा. खड्ड्यांत लोखंडाचे विरघळणारे क्षार उरले असतील तिथे कागदावर निळे ठिपके उठतात. (हे रसायन आम्लाजवळ नेऊ नये, आणि चाचणीची जागा नंतर पुन्हा धुवावी.) पहिल्या फेरीत उजव्या मागच्या चाकाच्या कमानीला आणि टाकीच्या खणाला निळं आलं. तेवढा भाग पुन्हा धुतला, पुन्हा ब्लास्ट केला, पुन्हा कागद लावला. तिसऱ्या वेळी कागद कोरा निघाला. तो कोरा कागद मी वहीत चिकटवून ठेवला आहे.

अस्तराचा दिवस

जानेवारी निवडला तो आर्द्रता कमी म्हणून. पण महिना निवडून भागत नाही, तास निवडावा लागतो. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष कामाला आले. हिवाळ्यात मुंबईत सकाळी जमिनीकडून कोरडा वारा असतो, दुपारी तो फिरतो आणि समुद्राकडून ओल आणि मीठ घेऊन येतो. आम्हाला अस्तर त्या दोहोंच्या मध्ये बसवायचं होतं.

नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी जास्त हवं आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. सकाळी साडेआठला हवा २२ अंश, आर्द्रता ८० टक्के होती. दवबिंदू येतो साधारण १८.४. रात्रभर शेडमध्ये गार झालेला पत्रा २० अंशांवर. फरक दीड अंशाचा. डोळ्यांना पत्रा कोरडा ठणठणीत दिसत होता. पेंटरने गन भरायला घेतली होती, त्याला थांबवलं. तो वेळ शेवटच्या हलक्या ब्लास्टला दिला. अकराला हवा २८ अंशांवर गेली, आर्द्रता ५० वर उतरली. दवबिंदू साडेसोळाच्या आसपास, पत्रा २६. आता साडेनऊ अंशांची मोकळीक होती. ब्लास्ट संपल्यापासून अस्तर लागेपर्यंत दोन तासही गेले नाहीत.

तुलनेसाठी सांगतो : पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली की दवबिंदू २६ च्या वर जातो. सावलीतला पत्रा ३ अंशांचं अंतर राखणं तेव्हा फार कठीण होतं. जूनच्या तोंडावर घाईने केलेल्या कामात आम्ही कुठे होतो, ते यावरून कळावं.

कॉम्प्रेसरकडेही बघावं लागतं. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि गनमधून रंगाबरोबर पत्र्यावर बसतं. टाकीचा निचरा केला, पाणी पकडणारा फिल्टर बसवला आणि नळीची हवा मिनिटभर पांढऱ्या फडक्यावर सोडून पाहिली. फडकं कोरडं आणि बिनतेलाचं राहिलं तेव्हाच पुढे गेलो.

गन चालवण्याआधी प्रत्येक कड, प्रत्येक वेल्ड, प्रत्येक भोक ब्रशने रंगवलं. काकांचा हा आग्रह होता आणि पेंटरला तो आधी पटला नाही. ओला रंग धारदार कडेवर थांबत नाही, मागे सरतो. सपाट भागावर १०० मायक्रॉन बसला तरी कडेवर त्याच्या निम्माही राहत नाही. पहिल्या वेळच्या लाल रेघा तिथूनच निघाल्या होत्या. आम्ही कडा कानसेने किंचित गोल केल्या, ब्रशचा हात दिला आणि मग गनने इपॉक्सीचे दोन हात.

दुसरा हात दुसऱ्या दिवशी जरा उशिरा संपला. संध्याकाळी ओल वाढली आणि सकाळी अस्तरावर बोटाला चिकट, तेलकट पापुद्रा लागला. ओलीत वाळणाऱ्या इपॉक्सीवर हार्डनरचा असा थर वर येतो. तो तसाच ठेवून वर रंग दिला तर रंग सुटतो. कोमट नळाच्या पाण्याने धुतला, वाळवला, हलका पेपर मारला. सांध्यांना सीलर अस्तराच्या वर भरला आणि पुट्टीही अस्तराच्या वरच, उघड्या पत्र्यावर कुठेही नाही. निचऱ्याच्या भोकांत सीलर जाऊ नये म्हणून काड्या खोचून ठेवल्या होत्या. जाडी मोजली तेव्हा अस्तर ११० मायक्रॉनच्या आसपास भरलं.

वरचा रंग दोन डब्यांचा मॅट पॉलियुरेथेन. इपॉक्सी उन्हात खडूसारखी भुकटी सोडते, तिला झाकावंच लागतं. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याला फडकं किंवा धुळीचा मास्क चालत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच लागतो. पेंटरसाठी तो भाड्याने आणला. रंग पुरता कडक झाल्यावर सगळ्या पोकळ्यांत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, मारलं. पहिला आठवडाभर ते भोकांतून ठिबकत होतं. भोकं उघडी आहेत, याची ती खात्रीच.

त्यानंतर

दोन पावसाळे झाले. बॉनेटवर फोड नाही, कडांना रेघ नाही, फरशीखालून पाणी तपकिरी येत नाही.

मामांनी मात्र स्वतःची एक सवय मोडली, आणि माझ्या मते रंगाइतकंच महत्त्व तिला आहे. पूर्वी ते जूनमध्ये निळी ताडपत्री जीपला घट्ट आवळून बांधत. आत ओल कोंडायची, सकाळी ताडपत्रीच्या आतून पाणी ठिबकायचं. आता ताडपत्री शेडच्या पश्चिमेच्या बाजूला पडद्यासारखी लावली आहे, समुद्राचा वारा अडतो आणि गाडीभोवती हवा खेळती राहते. पंधरा दिवसांनी नळाच्या पाण्याने गाडी धुतात, वरून आणि खालूनही. फरशीवरची रबरी चटई पावसाळाभर बाहेर असते.

गंज एका जागी आलाच. जीपच्या डाव्या अंगावर कुऱ्हाड आणि फावडं पट्ट्यांनी बांधलेली असतात. गाडी चालताना फावड्याचं पातं थरथरतं आणि पट्ट्याच्या बकलाखालचा रंग घासला जातो. पहिल्याच पावसाळ्यात तिथे नखाएवढा लाल ठिपका दिसला. जागा पत्र्यापर्यंत घासली, धुतली, निळ्या कागदाने तपासली, ब्रशने इपॉक्सीचे दोन हात आणि वर रंग दिला. दुसऱ्या पावसाळ्यात तो ठिपका पुन्हा आला, बकलाच्या दुसऱ्या टोकाला. आता मामा जीप फिरवून आणली की दोन्ही पट्टे सोडतात, फावडं शेडच्या खांबाला टेकवून ठेवतात आणि पट्टे वाळले की परत बांधतात.